उभ्या गाडीचा क्लच

गाडी चालून झिजते हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. टायर घासतात, ब्रेकची लायनर उतरतात, इंजिन तेल खाऊ लागतं. उभ्या उभ्या ती कशी संपत जाते हे मात्र तिच्या खाली पाठीवर पडून पाहिल्याशिवाय कळत नाही. चालत्या गाडीची झीज ठरलेल्या जागी होते आणि आवाज करून स्वतःची खबर देते. उभ्या गाडीचं बिघडणं सगळ्या बाजूंनी एकदम आणि मुकाट चालतं. टाकीत डिझेलच्या तळाशी पाणी साठतं. सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा थर ओघळून जातो. रबरी सील कडक होतात, टायर खालच्या बाजूला चपटे पडतात, वायरिंगवर उंदीर बसतात. आणि क्लचची प्लेट, जिचं सगळं काम धरण्यात आणि सोडण्यात असतं, ती धरलेल्या अवस्थेतच गंजून बसते.

आमच्या आबांची पिकअप पत्र्याच्या शेडमध्ये, कांदाचाळीला लागून, अशीच वर्षानुवर्षं उभी होती. आमचं गाव निफाड तालुक्यातलं, नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळापासून जवळ. पक्ष्यांसाठी हे पाणी नावाजलेलं आहे; २०२० साली ते रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं, महाराष्ट्रातलं ते पहिलं. पण पाणी जवळ असलं की हवेत ओल असते, आणि लोखंडाला तेवढी पुरते. गाडीवर ताडपत्री घातलेली होती, चांगली जाड, दोऱ्यांनी चारही बाजूंनी आवळलेली. ताडपत्रीनं पाऊस अडतो, ओल अडत नाही. उलट आत शिरलेली ओल ती बाहेर पडू देत नाही. शेजारच्या चाळीतला कांदा महिनोन्महिने टिकत होता तो खालून-बाजूंनी वारा खेळत होता म्हणून. गाडीला तो वाराच मिळाला नव्हता.

गाडी टाटा मोबाईल. टेल्कोनं ही पिकअप १९८८ साली बाजारात आणली. तिच्याच चासीच्या घडणीवर १९९१ मध्ये सिएरा आणि १९९२ मध्ये इस्टेट उभी राहिली. पुढे १९९४ ची सुमोही त्याच घराण्यातली. शहरातल्या माणसांना सिएरा आठवते. आम्हा कांदा-द्राक्षवाल्यांना आठवते ती मागं हौदा असलेली, पुढं दोन-तीन माणसं बसतील अशी ही पिकअप. जेमतेम दोन लिटरचं, चार सिलिंडरचं साधं डिझेल इंजिन. टर्बो नाही, कॉम्प्युटर नाही. आबांनी ती जुनी घेतली होती, आणि त्यानंतर आमच्या घरातलं जे जे हलवायचं असे ते तिच्यातूनच हललं: लासलगावला कांदा, पिंपळगावला टोमॅटोचे क्रेट, द्राक्षाच्या छाटणीच्या दिवसांत मजूर, लग्नात भांडी आणि मांडवाचे खांब, एकदा शेजारच्यांची अडलेली गाय. क्लचच्या पेडलवरचं रबर डाव्या कडेला इतकं घासलंय की तिथं खालचं लोखंड उघडं पडलंय. आबांचा पाय नेहमी थोडा तिरका पडायचा. त्या पायाची जागा पेडलवर कायमची उमटलेली आहे.

गाडी थांबली ती त्याच पायामुळे. आबांचा डावा गुडघा निकामी झाला, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता क्लच दाबणं बंद. तोवर मी नाशिकला नोकरीत होते, भाऊ पुण्याला. माल न्यायला गावात भाड्याच्या गाड्या मिळत होत्याच. गाडी शेडमध्ये लागली आणि तिच्यावर ताडपत्री आली. विकायची नाही, एवढंच आबा म्हणायचे. भंगारवाला दारावरून जाताना दर वर्षी एकदा विचारायचा. तो किलोचा भाव सांगायचा आणि आबा त्याला चहा पाजून परत पाठवायचे.

मी गावाकडं परत आले, शेतीचा हिशेब माझ्याकडं आला, तेव्हा भाड्याच्या गाड्यांवर किती पैसा जातो ते रोजच्या रोज वहीत दिसू लागलं. कांद्याचा भाव सकाळी बरा असला तरी गाडी दुपारी मिळायची. आपली गाडी असणं म्हणजे आपली वेळ आपल्या हातात असणं, हे मला त्या वहीनं शिकवलं. म्हणून ताडपत्री काढायची ठरली. माया होतीच, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण नुसत्या मायेनं कुणी गिअरबॉक्स उतरवत नाही. कामाची गरज होती.

गाडी पाहायला जे मिस्त्री आले त्यांना पंचक्रोशीतला प्रत्येक माणूस उस्ताद म्हणतो. वय झालेलं, डोळ्यांना जाड चष्मा, बोटांच्या पेरांत कधीच न निघणारं काळं. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी माझ्यापुढं हात केला.

“ताई, चावी आधी माझ्याकडं द्या. आणि बॅटरी कुणी जोडायची नाही. उभी गाडी उभी राहून मरत नाही; घाईनं सेल्फ मारला की मरते.”

नंतर मला यातला अर्थ उमगत गेला. कोरड्या सिलिंडरमध्ये गंजाचा पातळ थर असेल तर पिस्टनच्या रिंगा पहिल्याच फेऱ्यांत भिंतीवर ओरखडे काढतात. टाकीतलं पाणी पंपात गेलं तर पंपातले भाग, ज्यांना वंगण डिझेलच देतं, ते तिथंच अडकतात. इतक्या वर्षांत जे बिघडलं नव्हतं ते मिनिटभरात बिघडवता येतं. म्हणून उस्तादांच्या कामाला क्रम होता, आणि तो क्रम ते मोडू देत नव्हते.

आधी टाकी. तळाचा बोल्ट काढून जे कॅनमध्ये उतरलं त्याला डिझेल म्हणणं कठीण होतं. वर लालसर काळं, आंबूस वासाचं; तळाशी पाणी; आणि दोहोंच्या मध्ये काळा बुळबुळीत पडदा. डिझेल आणि पाणी जिथं एकमेकांना टेकतात त्या रेषेवर जिवाणू आणि बुरशी वाढते, आणि त्यांचं खाणं डिझेलच असतं. हाच गाळ फिल्टर चोंदवतो. टाकी उतरवून धुतली, उन्हात वाळवली, फिल्टर नवे घातले. गाडी उभी राहिली तेव्हा पंपावर मिळणारं डिझेलही आता राहिलेलं नव्हतं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ चं इंधन आलं आणि डिझेलमधलं गंधक दहा लाखात दहा भागांवर आलं. गाडी झोपली होती तेवढ्यात तिचं अन्न बदललं होतं.

मग इंजिन. उस्तादांनी चारही हीटर प्लग काढले आणि त्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडलं. रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी क्रँक पुलीच्या नटावर मोठा पाना लावून त्यांनी हातानं इंजिन फिरवायला घेतलं. पहिल्यांदा पाना हललाच नाही. त्यांनी जोर लावला नाही; पाना मागं घेतला, पुन्हा पुढं, पुन्हा मागं, अंगठ्याएवढं अंतर. हळूहळू ते अंतर वाढत गेलं आणि पुली एक अख्खा फेरा फिरली. आतून हवेचा दबका उसासा चारही भोकांतून बाहेर पडला. उस्ताद चष्मा पुसत म्हणाले, “आहे. जीव आहे.”

डिझेल इंजिनाची मला वाटणारी थोरवी इथंच आहे. त्याला ठिणगी लागत नाही. हवा विसाहून जास्त पटींनी लहान जागेत दाबली की ती पाचशे अंशांच्या पुढं तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचं इंजिन १८९७ साली ऑग्सबर्गमध्ये यशस्वी झालं, आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात याच तत्त्वाचं एक लहान इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं गेलं. शेतकऱ्याला आपल्या रानात पिकणाऱ्या तेलावर इंजिन चालवता येईल, हे त्या काळात नुसतं स्वप्न नव्हतं. हवा, दाब आणि फवारा, या तीन गोष्टी जुळल्या की असं इंजिन वर्षांच्या झोपेतूनही उठू शकतं.

हवा आणि दाब जमला होता. फवाऱ्यासाठी मी नोझल घेऊन नाशिकला गेले. नाशिकच्या माणसाला मायको सर्कल माहीत नाही असं होत नाही. मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी; १९५१ साली बंगळूरला सुरू झाली, नाशिकचा कारखाना १९६९ चा, आणि २००८ पासून नाव बॉश. या कारखान्यात नोझल आणि इंजेक्टर बनत आले. त्या चौकातून मी नोकरीच्या काळात रोज जात असे. पण नोझल म्हणजे काय ते मी पाहिलं पंप-नोझलच्या दुकानात, टेबलावर. बोटाच्या पेराएवढं पोलादी टोक, आत सुई. सुई आणि तिच्या घराच्या मधली फट दोन-चार मायक्रॉनची. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. कारागिरानं नोझल हातपंपाला जोडून दांडा दाबला. चांगल्या नोझलमधून करकर आवाज करत धूर वाटावा इतका बारीक फवारा सुटला. चारातल्या एकातून मात्र थेंब गळला. “हा बदला, ताई. थेंब पेटत नाही, फवारा पेटतो.” इतकंच म्हणून त्यानं गळकं नोझल बाजूला ठेवलं.

इंजिन सुरू करायच्या सकाळी थंडी होती. निफाडची थंडी राज्यात नावाजलेली. पारा पाच अंशांखाली गेला की द्राक्षवाले रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, मणी तडकू नयेत म्हणून. अशा हवेत हीटर प्लगांशिवाय हे इंजिन बोलणार नव्हतं. उस्तादांनी आधी डिझेल बंद ठेवून नुसतं इंजिन फिरवलं, तेलाचा दाब काट्यावर दिसेपर्यंत. त्यांच्या हाताखालचा पोरगा एअर फिल्टरच्या तोंडाशी फळी घेऊन उभा होता. डिझेल इंजिन एकदा बेफाम सुटलं तर चावी काढूनही थांबत नाही. त्याची हवा तोडावी लागते. फळीची वेळ आली नाही. सेल्फ फिरला, एक सिलिंडर खोकला, मग दुसरा, आणि शेडभर पांढरा धूर झाला. पांढरा म्हणजे न पेटलेलं डिझेल, निळा म्हणजे जळणारं तेल, काळा म्हणजे हवेच्या मानानं जास्त डिझेल. उस्ताद धुराकडं पाहत उभे राहिले. पांढरा विरळ होत गेला, इंजिनाचा ठेका बसला, आणि आबा घरातून काठी टेकत शेडपर्यंत आले.

इथं गोष्ट संपली असं सगळ्यांना वाटलं. गावातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. खरं काम तिथून सुरू झालं, कारण गाडी सुरू होणं वेगळं आणि गाडी निघणं वेगळं. मध्ये क्लच असतो.

पेडल दाबलं की ते सरळ फळीला टेकत होतं आणि वर येतच नव्हतं. या गाडीचा क्लच तेलाच्या दाबावर चालतो: पेडलपाशी मास्टर सिलिंडर, खाली गिअरबॉक्सच्या अंगाला दुसरा लहान सिलिंडर, मध्ये नळी. त्यातलं तेल म्हणजे ब्रेक ऑइलच, आणि त्याचा गुणधर्म असा की ते हवेतली ओल ओढून घेतं. चालत्या गाडीत ते अधूनमधून बदललं जातं. उभ्या गाडीत ते ओल पीत राहतं आणि सिलिंडर आतून खात राहतं. डबीतलं तेल काळपट तपकिरी झालं होतं. सिलिंडर उघडला तेव्हा आतल्या गुळगुळीत भिंतीवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसले. नुसतं रबरी किट टाकून भागलं नसतं. त्या खड्ड्यांनी नवं रबर महिन्याभरात फाडलं असतं. दोन्ही सिलिंडर नवे घातले.

नव्या सिलिंडरातली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक वर पेडलवर, एक खाली निपलपाशी. उस्ताद खाली गेले, पोरगा सामान आणायला गेला होता, आणि मी निपलची नळी बाटलीत धरून बसले होते. आबा काही न बोलता दार उघडून सीटवर चढले. डावा पाय बाजूला सोडला आणि उजव्या पायानं पेडलवर आले.

“दाबा… धरा.” खालून आवाज. निपल सुटला, नळीतून फेस आणि बुडबुडे. “धरून ठेवा हं.” निपल बंद. “सोडा.”

दाबा, धरा, सोडा. बुडबुडे कमी होत गेले, तेल स्वच्छ येऊ लागलं, आणि पेडलला जोर आला. आबा उतरताना म्हणाले, “आता वरूनच धरतोय. पूर्वी अर्ध्यावर धरायचा.” इतक्या वर्षांनी त्यांच्या पायाला ती जागा आठवत होती. ऑपरेशननंतर आम्ही सगळ्यांनी आबांना जपलं, म्हणजे बसवून ठेवलं. पाणी हातात, ताट हातात, बाजाराची यादी भावाला फोनवर. ते प्रेमच होतं. पण त्या दिवशी त्यांच्या तोंडावर जे आलं ते बसल्या जागी कधी आलं नव्हतं. एका खऱ्या कामात त्यांची खरी गरज होती, आणि त्यांनी ते केलं होतं.

तरी गिअर पडेना. इंजिन बंद असताना लोण्यातून सुरी जावी तसे सगळे गिअर पडत. इंजिन सुरू केलं, क्लच दाबला आणि गिअर टाकायला गेलं की कर्र. उस्तादांनी खाली वाकून पाहिलं, तेलाचा दांडा हलत होता, फोर्क हलत होता. म्हणजे वरचं सगळं आपलं काम करत होतं आणि आतली प्लेट सोडत नव्हती.

क्लचची रचना समजून घेतली की हे दुखणं समजतं. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील, बिडाचं जड चाक. त्याला चिकटून क्लच प्लेट, दोन्ही अंगांना घर्षणाचं अस्तर. तिच्यावर प्रेशर प्लेट, जी स्प्रिंगच्या जोरानं तिला फ्लायव्हीलवर दाबून धरते. आपण पेडल दाबतो तेव्हा रिलीज बेअरिंग स्प्रिंगची बोटं आत ढकलतं, प्रेशर प्लेट मागं सरते आणि मधली प्लेट मोकळी होते. ही मोकळीक मिलिमीटरहूनही कमी असते. एवढ्याशा फटीवर टनभर माल घेऊन निघणाऱ्या गाडीचं सुटणं आणि लागणं अवलंबून असतं. गाडी उभी करताना आपण पेडलवरचा पाय काढतो. प्लेट तेव्हा पूर्ण जोरानं फ्लायव्हीलला दाबलेली असते. अस्तर ओल धरतं, बीड गंजतं, आणि वर्षांनुवर्षं दाबून धरलेल्या त्या दोन पृष्ठभागांत गंजाची शिवण पडते. मग प्रेशर प्लेट मागं सरली तरी प्लेट जागची हलत नाही.

यावर गॅरेजात उपाय आहेत. पेडल दाबून सीट आणि पेडल यांच्यामध्ये लाकडाचा दांडा अडकवून ठेवायचा, रात्रभर. इंजिन चांगलं तापवायचं, म्हणजे लोखंड फुगून जागा सोडेल. हे दोन्ही उस्तादांनी केलं. प्लेट सुटली नाही. तिसरा उपाय धसमुसळा: गाडी गिअरमध्येच सुरू करायची, पेडल दाबून ठेवायचं आणि ॲक्सिलरेटर-ब्रेकचे हिसके देत राहायचं, प्लेट फाटकन सुटेपर्यंत. हाताखालचा पोरगा त्याला उत्सुक होता. गावातल्या मंडळींचाही तोच सल्ला होता. उस्तादांनी मान हलवली.

“सुटेल ना. पण सुटताना अस्तर फाडून सुटेल. मग गिअरबॉक्स उतरवायचाच आहे, तर फाडून कशाला उतरवायचा?”

गाडी घोड्यांवर घेतली, प्रोपेलर शाफ्ट सोडला, गिअरबॉक्स खाली आला. प्रेशर प्लेटचे बोल्ट त्यांनी आलटून-पालटून थोडे थोडे ढिले केले, म्हणजे ती वाकू नये. एरवी प्रेशर प्लेट निघाली की क्लच प्लेट मोकळी होऊन हातात येते, तेव्हा खाली हात धरावा लागतो. इथं प्रेशर प्लेट निघाली आणि क्लच प्लेट फ्लायव्हीलवर तशीच राहिली. तिला कुणीही धरलेलं नव्हतं. एकही बोल्ट नाही, स्प्रिंग नाही, काही नाही. नुसत्या गंजावर ती उभी चिकटून होती. उस्तादांनी सगळ्यांना जवळ बोलावून दाखवलं. मग पातळ पट्टी कडेनं फिरवत त्यांनी ती सोडवली. बिडावर तिचा पूर्ण ठसा होता: अस्तराची गोलाई, त्यातल्या खाचा, रिव्हेटची प्रत्येक जागा, तपकिरी गंजात कोरल्यासारखी. काही ठिकाणी अस्तराचे खपले फ्लायव्हीलवरच राहिले होते.

पोरगा कॉम्प्रेसरची हवा मारायला निघाला तर उस्तादांनी त्याला अडवलं आणि ओल्या फडक्यानं पुसायला लावलं. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असायचं, आणि त्याची धूळ फुफ्फुसात गेली की ती परत येत नाही. त्यांच्या पिढीतल्या कारागिरांनी ती धूळ आयुष्यभर खाल्ली. हे ज्ञान त्यांना उशिरा मिळालं, पण मिळाल्यावर त्यांनी ते पोराला पहिल्याच दिवशी दिलं. हा पोरगा आयटीआयला मेकॅनिक डिझेलचा ट्रेड करून आलेला. पुस्तकातली आकृती त्याला पाठ होती. बोल्ट किती वळणं ढिला करून थांबायचं ते तो इथं शिकत होता. असा एक जण तरी प्रत्येक उस्तादाच्या हाताखाली असला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. गाड्या बदलतील, पण जोर कुठं लावायचा नाही हे कळणारा हात एका माणसाकडून दुसऱ्याकडंच जातो.

फ्लायव्हील लेथवर गेलं, त्याचा चेहरा साफ झाला. नवी प्लेट, नवी प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकच्या टोकातलं लहान पायलट बेअरिंगही नवं. ज्या खाचांवरून प्लेट पुढंमागं सरकते त्यांच्यावर ग्रीस लावलं ते बोटाला जेमतेम लागेल एवढंच. जास्त झालं की ते फिरताना उडून अस्तरावर जातं आणि नवा क्लच पहिल्याच दिवशी घसरतो. प्लेट मधोमध बसावी म्हणून उस्तादांनी जुना शाफ्ट आत घालून तिला नीट धरलं, बोल्ट आवळले, आणि गिअरबॉक्स एका झटक्यात जागेवर गेला. आबांना हाक मारून पेडलवर बसवलं. इंजिन सुरू केलं. त्यांनी उजव्या पायानं दाबलं, हातानं पहिला गिअर टाकला. आवाज आला नाही.

जुनी डिझेल गाडी पुन्हा रस्त्यावर आणणं बरोबर आहे का, हा प्रश्न मी टाळला नाही. राजधानी दिल्लीच्या परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाले. २०२१ मध्ये देशात जुन्या गाड्या भंगारात काढण्याचं धोरण जाहीर झालं. त्यामागचं कारण खरं आहे. आजच्या बीएस-६ च्या गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो, आमच्या गाडीत तो नाही. तिचा धूर आमच्याच गावातली लेकरं घेणार. म्हणून नोझल आणि पंप तपासून धूर मर्यादेत आणणं हे मी दुरुस्तीचाच भाग धरलं. फिटनेस, विमा, पर्यावरण कर, पीयूसी, हे सगळं रीतसर होईपर्यंत गाडी आमच्या बांधाबाहेर गेली नाही. ती शहरात धावणार नाही; शेतातून बाजार आणि बाजारातून शेत, एवढंच तिचं काम. दुसऱ्या बाजूला नवी गाडीही हवेतून येत नाही. तिचं पोलाद वितळवायला कोळसा जळतो, रबर-काच-रंग लागतात. थोडंच चालणाऱ्या, नीट राखलेल्या जुन्या गाडीला मोडीत काढून तिच्या जागी नवी घेणं प्रत्येक वेळी हवेच्या फायद्याचं असतं असं मला वाटत नाही. पण जी गाडी राखता येत नाही, ती जायलाच हवी. राखणं हीच अट आहे.

आणि राखणं म्हणजे काय, हे या गाडीनं मला दाखवून दिलं. ताडपत्री घालणं म्हणजे राखणं नव्हे. आठवड्यातून एकदा दारात इंजिन सुरू करून पाच मिनिटांत बंद करणं हेही नव्हे. त्यानं इंजिन धड तापत नाही, आतली ओल आतच राहते आणि क्लचला काहीच काम पडत नाही. गाडी तिच्या पूर्ण तापापर्यंत चालली पाहिजे, सगळे गिअर पडले पाहिजेत, क्लच धरला आणि सुटला पाहिजे, ब्रेक घासले पाहिजेत. वस्तू जपायची असेल तर तिला तिच्या कामाला लावावं लागतं. हे मी आता गाडीपुरतं मानत नाही. घरातलं जातं, पाटा, विहिरीवरची मोटर, शेजाऱ्यांशी असलेलं जाणं-येणं, आणि हातपाय अजून चालणारा एक म्हातारा माणूस, या सगळ्यांना मी हाच नियम लावते.

आता गाडी मी चालवते आणि आबा डावीकडं बसतात. लासलगावची बाजार समिती १९४७ ची. कांद्याचा एवढा मोठा लिलाव दुसरीकडं सहसा पाहायला मिळत नाही. मोसमात वाहनांची रांग दूरवर जाते आणि एकेका गाडीची जागा पुढं सरकते. क्लचचं मरण याच रांगेत असतं. चढावर गाडी अर्ध्या क्लचवर धरून ठेवली की प्लेट फ्लायव्हीलवर घासत राहते, जळका वास येतो आणि नवं अस्तर काही दिवसांत उतरतं. पहिल्या फेरीला मी क्लच दाबूनच उभी होते, तेव्हा आबांनी गिअरच्या दांड्यावर हात ठेवला.

“न्यूट्रल कर. पाय काढ. हँडब्रेक ओढ. पुढची गाडी तीन गाड्यांची जागा सोडेल तेव्हा निघ, एकदमच. तोवर तिला विसावा दे.”

मी तेच केलं, आणि पुढच्या प्रत्येक रांगेत तेच करते. विसावा आणि पडून राहणं यांत फरक आहे. विसाव्यातली गाडी हाक आली की निघते. आबा हे त्या गाडीवर इतकी वर्षं काढून शिकले होते आणि रांगेत उभ्या उभ्या त्यांनी ते मला देऊन टाकलं. घरी परतताना आम्ही जायकवाडीच्या बाजूला जाणाऱ्या गोदावरीच्या पुलावरून येतो, हौदा रिकामा असतो, आणि आबा दर खेपेला पुढच्या आठवड्याचं काम ठरवत असतात: चाळीतला कुठला कप्पा आधी उघडायचा, कुठला माल थांबवायचा, आणि उस्तादांकडं ब्रेक ऑइल बदलायला कधी जायचं.